तगड्या इंजिनमागे रिबिल्ट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टिकवायचा कसा

इंजिनची ताकद वाढवली की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काही महिन्यांत कुरकुरायला लागतो. आधी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम उगाच वर उसळतो. मग डिपस्टिकला जळका वास येतो. पुढे एक दिवस गाडी एखादा गिअर घेतच नाही. गिअरबॉक्स उतरतो, खोलला जातो, नव्या क्लच प्लेटा पडून रिबिल्ट होतो, आणि गाडी न्यायला आलेल्या मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आता किती हॉर्सपॉवर झेलेल?"

प्रश्न अपुरा आहे, म्हणून त्याची उत्तरंही बेभरवशाची मिळतात. एकाच कारागिराने बांधलेले, आतून सारखेच दोन गिअरबॉक्स सारख्याच ताकदीच्या दोन गाड्यांत घातले, तरी एक वर्षानुवर्षं चालतो आणि दुसरा महिन्याभरात प्लेटा जाळतो. याचं कारण प्लेटांच्या स्वभावात आहे. गिअर धरून ठेवणाऱ्या क्लचची प्लेट घट्ट पकडलेली असताना जवळजवळ झिजत नाही. ती घसरते तेवढाच वेळ झिजते आणि तापते. हॉर्सपॉवर हे त्या घसरण्याचं अनेक कारणांपैकी एक कारण. म्हणून खालची प्रत्येक पायरी एकाच नजरेने वाचा: यामुळे प्लेट घसरण्याचा वेळ घटतो की वाढतो?

हा लेख टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा डबा असलेल्या, ऑटोमॅटिकबद्दल आहे. ड्युअल-क्लच आणि सीव्हीटी या ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या जाती, त्यांची दुखणी निराळी.

पायरी १: टॉर्क लिहून काढा

गिअरबॉक्सच्या शाफ्टला, प्लेटांना आणि गिअरच्या दातांना पीळ बसतो तो टॉर्कचा, म्हणजे इंजिनच्या फिरवण्याच्या जोराचा. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागलं की किलोवॉट मिळतात, हे सूत्र हाताशी ठेवा. समजा इंजिन ४०० किलोवॉटचं आहे, म्हणजे साधारण ५४४ हॉर्सपॉवर. ही ताकद ते ७५०० आरपीएमला देत असेल, तर तिथे टॉर्क आहे सुमारे ५१० न्यूटन-मीटर. तेवढीच ताकद एखादं टर्बो इंजिन ४००० लाच देत असेल, तर टॉर्क ९५५ च्या आसपास. कागदावर दोन्ही गाड्या सारख्या, पण दुसरीच्या गिअरबॉक्सवर जवळपास दुप्पट ओझं.

त्यात टॉर्क कन्व्हर्टर आणखी भर घालतो. गाडी जागेवरून निघताना तो इंजिनचा टॉर्क वाढवून पुढे देतो, बहुतेक वेळा दुपटीच्या आसपास. इंजिन ६०० न्यूटन-मीटरचं असेल, तर सुटतानाच्या पहिल्या क्षणी इनपुट शाफ्टवर (कन्व्हर्टरकडून ताकद गिअरबॉक्सच्या आत आणणाऱ्या दांड्यावर) १२०० च्या घरातला पीळ येऊ शकतो. गाडीने वेग धरला की ही वाढ ओसरते.

वहीत आणखी चार गोष्टी हव्यात: गाडीचं वजन, टायर, डिफरन्शियलचं प्रमाण, आणि गाडी नेमकी कशासाठी वापरणार ते. टायरचा मुद्दा नवख्यांना उलटा वाटतो. जागेवर फिरणारा गुळगुळीत टायर गिअरबॉक्सला वाचवतो, कारण जास्तीचा टॉर्क धूर होऊन निघून जातो. ड्रॅगचे मऊ, चिकट टायर चढवले की ती पळवाट बंद होते. इंजिन वाढवूनही तग धरलेला गिअरबॉक्स टायर बदलल्यावर पहिल्याच शनिवारी गेला, असं सांगणारे बरेच भेटतील. ते खोटं बोलत नसतात.

पायरी २: गिअरबॉक्सची मूळ कुवत पाहा

मॉडेलच्या नावातच बरंच सांगून ठेवलेलं असतं. जनरल मोटर्सच्या ४एल६०-ई मध्ये ४ म्हणजे पुढचे चार गिअर, एल म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेला, ६० हा ताकदीचा दर्जा आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक. त्याच कंपनीचा ४एल८०-ई हा १९६४ साली आलेल्या टर्बो-हायड्रामॅटिक ४०० चा वंशज. त्याचे शाफ्ट आणि ड्रम (प्लेटा ज्यात बसतात ते डबे) मुळातच जाड. झेडएफच्या ८एचपी७० मधला ७० म्हणजे ढोबळमानाने ७०० न्यूटन-मीटरचा वर्ग, ८एचपी९० म्हणजे ९०० चा. मर्सिडीजच्या ७२२.६ या पाच गिअरच्या बॉक्सची मोठी आवृत्ती डब्ल्यू५ए५८० या नावाने ओळखली जाते, तिथे ५८० हा न्यूटन-मीटरचाच आकडा.

कंपनीचा आकडा ओलांडता येतो. तगड्या रिबिल्टचा उद्देशच तो. पण माझं मत विचाराल तर टॉर्क मूळ आकड्याच्या दीडपट झाला की थांबून हिशेब करावा. लहान गिअरबॉक्समध्ये एकेक भाग मजबूत करत गेलं की दुबळा दुवा फक्त जागा बदलतो: आज प्लेट, उद्या शाफ्ट, परवा ड्रम. तितक्या खटाटोपात बऱ्याचदा मोठा गिअरबॉक्सच बसून जातो.

पायरी ३: आधीचा कशाने गेला ते शोधा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. घोडं इथंच पेंड खातं.

खोलल्यावर जळालेल्या प्लेटा समोर दिसतात आणि सगळे समाधान मानतात: "प्लेटा जळाल्या होत्या, नव्या टाकल्या." पण प्लेटा का जळाल्या? ऑइलचा दाब कमी पडला म्हणून, त्या दाबाने प्लेटा आवळणाऱ्या पिस्टनचं सील कडक होऊन गळत होतं म्हणून, ऑइल तापलं म्हणून, की चुकीच्या ट्यूनिंगमुळे? कारण तसंच राहिलं तर नव्या प्लेटा त्याच वाटेने जातात, आणि आता ताकद जास्त असल्याने लवकर जातात.

लक्षणांवरून बराच अंदाज बांधता येतो. ४एल६०-ई मध्ये दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिन्ही एकदम गेले, तर संशय सन शेल (मधल्या सन गिअरला ताकद पोचवणारं कवच) तुटण्याचा. प्लेटांचा तिथे दोष नसतो. तिसरा आणि चौथा घसरत असतील तर त्याच गिअरबॉक्सचा बदनाम तीन-चार क्लच पॅक, म्हणजे ते दोन गिअर धरणारी प्लेटांची चळत. त्याचा पूर्वज ७००आर४ केबलवर चालतो: थ्रॉटलला जोडलेली टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल आतला दाब ठरवते. ती ढिली राहिली तर नवाकोरा गिअरबॉक्स घरी पोचेपर्यंत जळू शकतो, आणि दोष मात्र बांधणाऱ्याला लागतो.

खोलताना फोटो काढायला सांगा. प्रत्येक पॅकच्या प्लेटा वेगळ्या मांडलेल्या, ड्रमची आतली भिंत, पंपाचा चेहरा, पॅनच्या तळाचा गाळ. गिअरबॉक्स बंद झाल्यावर हे पुन्हा दिसणार नाही.

पायरी ४: 'रिबिल्ट' या शब्दाची यादी मागा

रिबिल्ट म्हणजे काय याला ठरलेला अर्थ नाही. कुणी सील आणि गॅस्केट बदलून रिबिल्ट म्हणतो, कुणी त्यात प्लेटा, बँड आणि फिल्टर धरतो, तर कुणी पंप, बुश, ड्रम, शाफ्ट सगळं मोजून, लागेल ते बदलून बांधतो. कारखान्यांच्या बोलीत सील, गॅस्केट, प्लेटा, बँड, फिल्टर यांना सॉफ्ट पार्ट्स म्हणतात आणि पंप, ड्रम, शाफ्ट यांना हार्ड पार्ट्स. ताकदवान गाडीत नुसत्या सॉफ्ट पार्ट्सवर काम भागत नाही.

लेखी यादीत मी सर्वांत आधी व्हॉल्व्ह बॉडी शोधतो, म्हणजे ऑइलचा दाब कोणत्या क्लचला कधी द्यायचा ते ठरवणारा ठोकळा. तिचं शरीर ॲल्युमिनियमचं आणि आतल्या बिळांत स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे व्हॉल्व्ह सतत मागेपुढे सरकत असतात. वर्षांनी त्या बिळांची भिंत झिजते, ऑइल कडेने निसटतं आणि प्लेटांपर्यंत पूर्ण दाब पोचतच नाही. डोळ्याला ही झीज दिसत नाही. व्हॅक्यूम लावून बिळं तपासावी लागतात. प्लेटा कितीही उंची टाका, मागून दाबच येत नसेल तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तपासणी झाली का, आणि झिजलेली बिळं रीमर मारून मोठ्या व्हॉल्व्हने दुरुस्त केली का, हे नेमकं विचारा.

मग पंप: गिअर आणि त्याचं घर यांच्यातली फट मोजली का? बुश सगळे नवे आहेत का? शेवटी प्रत्येक क्लच सर्किटला कॉम्प्रेस्ड हवा देऊन पिस्टन सरकतो आणि गळत नाही हे पाहिलं का? व्हॉल्व्ह बॉडी बसवण्याआधीची ही हवेची चाचणी काही मिनिटांची आहे. ती न करता गिअरबॉक्स देणारा माणूस माझ्या मते पुन्हा जाण्याजोगा नाही.

पायरी ५: प्लेटांचं गणित समजून घ्या

इथे जरा रेंगाळू, कारण जाहिरातींचा सगळा धुरळा याच भागाभोवती असतो.

एखादा क्लच पॅक किती टॉर्क धरेल हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: घर्षणगुणांक, घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, पिस्टनचा दाब आणि प्लेटची सरासरी त्रिज्या. त्रिज्या ड्रमने बांधून टाकलेली. घर्षणगुणांक अस्तर आणि ऑइल मिळून ठरवतात, त्यात फार मोठी उडी घेता येत नाही. उरतात संख्या आणि दाब.

संख्येचं पाहू. सहा फ्रिक्शन प्लेटा (दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर असलेल्या) म्हणजे बारा पृष्ठभाग; आठ केल्या तर सोळा, म्हणजे धरण्याची कुवत एक-तृतीयांशाने वाढली. ऐकायला छान. पण ड्रमची खोली तेवढीच असते. जास्त प्लेटा कोंबायच्या तर मधल्या स्टील प्लेटा पातळ घ्याव्या लागतात, आणि शिफ्टमधली उष्णता आधी शोषून घेते ती स्टीलच. फ्रिक्शनचं अस्तर कागदासारख्या तंतूंचं, त्यात उष्णता साठत नाही.

आकडे घालून बघा. ८०० न्यूटन-मीटरचा टॉर्क, शिफ्टच्या सुरुवातीला दोन बाजूंच्या वेगात २००० आरपीएमचा फरक, आणि तो शून्यावर यायला अर्धा सेकंद. सरासरी फरक १००० आरपीएम, म्हणजे सेकंदाला सुमारे १०५ रेडियन. ८०० गुणिले १०५ गुणिले अर्धा, म्हणजे जवळपास ४२ किलोज्यूल उष्णता एका शिफ्टमध्ये. पॅकमधलं सगळं स्टील मिळून एक किलो धरलं तर त्याचं तापमान सरासरी ८५ ते ९० अंशांनी उसळतं, आणि घासणाऱ्या पृष्ठभागावर त्याहून बरंच जास्त. स्टील पाऊण किलोवर आणलं तर तोच आकडा ११५ च्या पुढे जातो. हीच शिफ्ट पाव सेकंदात उरकली तर टॉर्कमुळे येणारी उष्णता निम्मी होते. इंजिनच्या फिरत्या वस्तुमानाचा वाटा मात्र घाई केली तरी कमी होत नाही.

या गणितातून दोन गोष्टी निघतात. शिफ्ट लवकर संपणं हे प्लेटांच्या संख्येइतकंच महत्त्वाचं आहे. आणि 'जास्त प्लेटा' हा शब्द ऐकला की लगेच विचारायचं: स्टीलची जाडी किती ठेवली? रस्त्यावर, वाहतुकीत, वारंवार शिफ्ट होणाऱ्या गाडीत मी एक फ्रिक्शन कमी आणि जाड स्टील पसंत करीन. काही सेकंदांची धाव संपवून थंड होणाऱ्या ड्रॅग गाडीत उलट चालू शकतं.

पॅकमधली मोकळी जागा फीलर गेजने मोजून घ्यावी लागते. जुना ठोकताळा असा की दर फ्रिक्शन प्लेटमागे पाव मिलिमीटरच्या आसपास. अचूक आकडा त्या त्या गिअरबॉक्सच्या पुस्तिकेत असतो. जागा फार कमी राहिली तर सुटलेल्या प्लेटाही एकमेकींना घासत राहतात. फार जास्त राहिली तर पिस्टनला पोचायला वेळ लागतो आणि शिफ्ट लांबते. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्यापूर्वी किमान अर्धा तास ऑइलमध्ये भिजवलेल्या हव्यात. कोरड्या बसवलेल्या प्लेटा पहिल्याच शिफ्टला करपतात, आणि बाहेरून ते कधीच कळत नाही.

पायरी ६: दाब वाढवा, पण हातोडा बनवू नका

शिफ्ट किट म्हणजे व्हॉल्व्ह बॉडीतल्या स्प्रिंगा, छिद्रं आणि ॲक्युम्युलेटर (शिफ्टचा झटका मऊ करणारे छोटे पिस्टन) बदलून दाब वाढवायची आणि शिफ्ट आखूड करायची सामग्री. कामाची वस्तू आहे. पण गाडीने मानेला झटका मारला की गिअरबॉक्स मजबूत, ही समजूत चुकीची. दाब फार वाढवला की पंपावरचा भार आणि ऑइलची उष्णता वाढते, शिवाय झटका थेट शाफ्ट, सन शेल आणि वन-वे क्लचवर (एकाच दिशेने फिरू देणाऱ्या क्लचवर) जातो. प्लेटा वाचतात आणि लोखंड तुटतं. हलक्या पायाने चालवताना शिफ्ट जेमतेम जाणवावी आणि पूर्ण थ्रॉटलला ठाम, एका दमात व्हावी, एवढं पुरे.

पायरी ७: लोखंडी भाग, आणि तुमचे पाय

कोणता हार्ड पार्ट आधी तुटतो हे प्रत्येक मॉडेलचं ठरलेलं असतं आणि चांगल्या कारागिराला तोंडपाठ असतं. ४एल६०-ई मध्ये सन शेल मजबूत बनावटीचा घालतात आणि ४एल६५-ई मधले चार पिनियनऐवजी (छोट्या गिअरऐवजी) पाच पिनियनचे प्लॅनेटरी गिअर वापरतात. टीएच-४०० (टर्बो-हायड्रामॅटिक ४००) मध्ये इंटरमीडिएट वन-वे क्लचसाठी ३४ तुकड्यांचा स्प्रॅग (उलट फिरताच अडकणाऱ्या तुकड्यांचं कडं) शोधतात. त्यापुढच्या ताकदीला उच्च प्रतीच्या मिश्रधातूचे इनपुट शाफ्ट.

वन-वे क्लचबद्दल एक इशारा. क्रायस्लरचा १९६२ चा टॉर्कफ्लाइट ७२७ मजबूत गिअरबॉक्स, पण पहिल्या गिअरमधला त्याचा वन-वे क्लच जोरात असताना फुटला, तर पुढचा ड्रम इंजिनच्या दुपटीहून अधिक वेगाने फिरू शकतो आणि ओतीव लोखंडाचा तो ड्रम बॉम्बसारखा फुटतो. तो ड्रम चालकाच्या पायांपासून फार दूर नसतो. म्हणून शर्यतीच्या गाडीत गिअरबॉक्सभोवती एसएफआय या शर्यतीच्या सुरक्षा-मानकांच्या संस्थेच्या ४.१ मानकाचं कवच आणि इंजिनमागे एसएफआय २९.१ ची फ्लेक्सप्लेट (इंजिनला कन्व्हर्टर जोडणारी तबकडी) घालतात. ताकद दुप्पट केलेल्या रस्त्यावरच्या गाडीतही हे कवच शोभेचं ठरत नाही.

पायरी ८: जुना टॉर्क कन्व्हर्टर परत लावू नका

जळालेल्या गिअरबॉक्समागचा कन्व्हर्टर ऑइलबरोबर वाहून आलेला कचरा पोटात घेऊन बसलेला असतो. तो वेल्ड केलेला डबा. कापून उघडल्याशिवाय साफ होत नाही. तो कापून दुरुस्त झालेला हवा, नाहीतर दुसरा हवा.

निवडताना स्टॉल स्पीडकडे लक्ष जातंच, म्हणजे गाडी जागेवर रोखून पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिन ज्या आरपीएमपर्यंत चढतं त्याकडे. जास्त स्टॉल म्हणजे सुटताना इंजिन ताकदीच्या पट्ट्यात, पण लॉकअप (कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा क्लच) लागेपर्यंत कन्व्हर्टर घसरत राहतो आणि ती सगळी घसरण ऑइलमध्ये उष्णता बनून उतरते. रोज चालवायच्या गाडीत गरजेपेक्षा ५०० आरपीएम जास्त घेतलेला स्टॉल पुढे कूलरच्या खर्चात वसूल होतो. लॉकअप क्लच एकाच प्लेटचा असेल तर तगड्या टॉर्कखाली तो घसरतो आणि त्याचं अस्तर सगळ्या व्हॉल्व्ह बॉडीत पसरतं. एकतर अनेक प्लेटांचा लॉकअप घ्या, नाहीतर पूर्ण थ्रॉटलला लॉकअप सुटेल असं ट्यूनिंग ठेवा. फिनांचं, म्हणजे आतल्या पात्यांचं, ब्रेझिंग (झाळून पक्कं करणं) झालेलं आहे का, आणि दाबाने डबा फुगू नये म्हणून जाड कवच आहे का, हेही विचारा. फुगलेला कन्व्हर्टर क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो आणि इंजिनचं थ्रस्ट बेअरिंग खातो.

पायरी ९: कूलर

जुना जाणता ठोकताळा असा: ८० अंश सेल्सिअसच्या वर दर ११ अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं. म्हणजे कायम ११३ अंशांवर चालणाऱ्या ऑइलचं आयुष्य आठवा हिस्सा उरलं. १२० च्या पुढे वार्निशसारखा थर धरू लागतो, १३० च्या पुढे सील कडक होतात, आणि कडक सील म्हणजे गळका पिस्टन, गळका पिस्टन म्हणजे घसरणारी प्लेट.

नळ्यांच्या कूलरपेक्षा चपट्या प्लेटांचा घ्या आणि हवा खरोखर लागेल तिथे लावा. थंड हवामानात थर्मोस्टॅट बायपास (गार ऑइलला कूलर टाळून जाऊ देणारा) हवा. गार घट्ट ऑइलही चांगलं नाही. तापमानाचा मीटर लावाच. सेन्सर पॅनमध्ये असेल तर सरासरी दिसते, कन्व्हर्टरकडून बाहेर पडणाऱ्या पाइपवर असेल तर आकडे बरेच जास्त आणि उड्या मारणारे दिसतात. दोन्हींची तुलना करून घाबरू नका, पण आपला सेन्सर कुठे आहे ते लक्षात ठेवा.

आणि जुना कूलर. माझा पहिला रिबिल्ट दोन महिन्यांत गेला तो यामुळेच. गिअरबॉक्स नीट बांधला होता, कन्व्हर्टर नवा होता, पण रेडिएटरमधला जुना कूलर आणि पाइप कुणीच धुतले नव्हते. मीही विचारलं नाही. आधीच्या गिअरबॉक्सचा सगळा चुरा पहिल्याच फेरीत नव्याच्या पोटात गेला. तेव्हापासून मी कूलर बदलतो, पाइप उलट्या दिशेने फ्लश करतो आणि परतीच्या पाइपवर चुंबकाचा इनलाइन फिल्टर लावतो.

पायरी १०: बसवताना

बहुतेक 'खराब रिबिल्ट' इथे तयार होतात, आणि बसवणारा बऱ्याचदा मालक स्वतःच असतो.

कन्व्हर्टरमध्ये आधी लीटरभर ऑइल ओता. तो गिअरबॉक्सवर सरकवताना फिरवत फिरवत ढकला; बहुतेक मॉडेल्समध्ये तो तीन टप्प्यांत आत बसतो: इनपुट शाफ्ट, स्टेटरचा शाफ्ट, आणि शेवटी पंप. तिसरा टप्पा न लागता बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनकडे ओढला, तर पंप इंजिन सुरू व्हायच्या आधीच फुटतो. गिअरबॉक्स हाताने इंजिनला टेकला पाहिजे. टेकत नसेल तर बोल्टने ओढू नका, बाहेर काढून पाहा. टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यात साधारण ३ ते ५ मिलिमीटर मोकळी फट हवी. मग कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटकडे ओढून बोल्ट लावायचे. इंजिन ब्लॉकवरच्या दोन्ही डॉवेल पिना जागेवर आहेत ना? एक हरवलेली असली तरी गिअरबॉक्स केसभर तिरका बसतो आणि पंपाचा बुश खाऊन टाकतो.

पायरी ११: ऑइल

कंपनीने सांगितलेल्या मानकाचंच ऑइल. 'सगळ्यांना चालतं' असं लिहिलेल्या बाटलीवर मी तगड्या गाडीत भिस्त ठेवत नाही, कारण फ्रिक्शन मॉडिफायर (ऑइलमधलं घर्षण ठरवणारं रसायन) बदलला की प्लेटांचं गणितच बदलतं.

पातळी पाहायची पद्धत मॉडेलनुसार वेगळी. बहुतेक जनरल मोटर्सच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये गरम ऑइल, इंजिन चालू, पार्कमध्ये. टॉर्कफ्लाइटमध्ये मात्र न्यूट्रलमध्ये, कारण पार्कमध्ये कन्व्हर्टरला ऑइल पोचत नाही. झेडएफच्या सहा आणि आठ गिअरच्या बॉक्सना डिपस्टिकच नसते. इंजिन चालू ठेवून ऑइल साधारण ३० ते ५० अंशांच्या मध्ये असताना बाजूच्या प्लगमधून पातळी साधावी लागते. 'आयुष्यभर ऑइल बदलायला नको' या वाक्यावर विसंबू नका. झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं असं सांगते, आणि तेही मूळ ताकदीच्या गाडीसाठी. वाढवलेल्या गाडीत मी त्याच्या निम्म्यावर बदलतो.

पायरी १२: कंप्युटरशी खोटं बोलू नका

आधुनिक गिअरबॉक्सचा कंप्युटर प्लेटांवर किती दाब द्यायचा हे इंजिनच्या कंप्युटरने कळवलेल्या टॉर्कवरून ठरवतो. इंजिन म्हणालं ५०० न्यूटन-मीटर, तर तो ५०० ला पुरेसा आणि थोडा वर एवढाच दाब देतो. इंधन वाचवायला त्याला तसंच शिकवलेलं असतं. आता बूस्टच्या सेन्सरला फसवणारी पिगीबॅक चिप लावली की इंजिन प्रत्यक्षात ७०० देतं पण कळवतं ५०० च. प्लेटा घसरतात. अशा गाडीत कितीही भारी रिबिल्ट घाला, तो हळूहळू जळणारच. ट्यूनिंग करणाऱ्याला विचारा: टॉर्क मॉडेल खरं आहे ना? गिअरबॉक्सच्या फाइलमधला दाब आणि टॉर्कची मर्यादा त्यासोबत वाढवली ना?

दुसरी गोष्ट टॉर्क मॅनेजमेंट. शिफ्टच्या क्षणी कंप्युटर इग्निशन मागे ओढून टॉर्क पळभर कमी करतो. बरेचजण 'गाडी मोकळी करायला' हे बंद करून टाकतात. वरचं ४२ किलोज्यूलचं गणित पुन्हा पाहा. हा पळभराचा कमी टॉर्क म्हणजे प्लेटांना मिळालेली फुकटची सवलत. थोडी कमी करा हवी तर, शून्यावर नेऊ नका.

रिबिल्टनंतर कंप्युटरने जुन्या, झिजलेल्या प्लेटांवर शिकलेली ॲडॅप्टेशन मूल्यं पुसून नव्याने शिकवणं विसरू नका.

पायरी १३: पहिले ८०० किलोमीटर आणि त्यानंतर

पहिले ८०० किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या आत, सगळे गिअर वारंवार बदलत. एकाच वेगाने महामार्गावर पळवून उपयोग नाही; प्लेटा शिफ्टमध्येच एकमेकींशी जुळतात. स्टॉल टेस्ट करायचीच असेल तर पाच सेकंदांच्या आत, आणि दोन टेस्टमध्ये ऑइल थंड होऊ द्या. न्यूट्रलमध्ये रेस करून ड्राइव्ह टाकणं कायमचं बंद. बर्नआउट करताना फिरणारे टायर अचानक कोरड्या रस्त्यावर पकड घेतात, तो क्षण स्प्रॅगसाठी सर्वांत वाईट. पकड यायच्या आधी पाय उचलायला शिका.

८०० ला ऑइल आणि फिल्टर बदला आणि पॅन स्वतः पाहा. चुंबकावर बारीक राखाडी पेस्ट असणं ठीक आहे, नव्या भागांचा तो चुरा. पिवळसर चमक दिसली तर बुश किंवा थ्रस्ट वॉशर जातायत. टोकदार लोखंडी कण, किंवा चिमटीत भुगा होणारे काळे तुकडे दिसले तर गाडी चालवू नका. फोटो तारखेनिशी ठेवा. पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच करायची आहे.

आणि कधी पूर्ण थ्रॉटलला आरपीएम उसळला, तर 'एकदा आणखी बघू' म्हणून तेच करू नका. स्लिपच्या पहिल्या एक-दोन वेळांत बऱ्याचदा फक्त दाबाचा किंवा सीलचा दोष असतो आणि प्लेटा अजून वाचलेल्या असतात. दहाव्या वेळी त्या उरलेल्या नसतात. गाडी बाजूला घ्या, ऑइलची पातळी आणि वास पाहा. ओढून न्यायची वेळ आली तर इंजिनने फिरणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. बहुतेक ऑटोमॅटिकचा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली की आतले गिअर ऑइलविना कोरडे फिरतात. ट्रेलरवर चढवा, नाहीतर ती चाकं उचलून न्या.